दापोली की पाचगणी?

भाताची कापणी आटोपली आहे, गवताची उडवी रचून झाली आहे आणि आंब्याला मोहर यायला अजून थोडा अवकाश आहे. जामसंड्याच्या बागायतदाराला वर्षात मोकळे म्हणता येतील असे हे एवढेच दिवस. दिवाळी सरल्यावरचे पंधरा-वीस. एकदा फवारणी सुरू झाली की मग मिरगाचा पाऊस पडेपर्यंत घरातले एकही माणूस मनाने घराबाहेर पडत नाही. मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी थंड हवा खायला डोंगरावर जातात. आपण मे महिन्यात पेट्या भरतो.

म्हणून सहलीचा विषय आमच्या घरी निघतो तो याच दिवसांत, आणि बहुतेक वर्षी तो निघतो तसाच विरून जातो. कधी दर पडलेला असतो, कधी कुणाच्या लग्नाचा अहेर असतो, कधी गुरे कोणाच्या भरवशावर टाकायची हा प्रश्न असतो. गेल्या वर्षी मात्र आमच्या म्हातारीनेच विषय संपवला. "खंयय जावा, पण एकदा जावा. वासरांक मी बघतंय," असे तिने सांगितले. जायचे हे नक्की झाले. आता कुठे जायचे, एवढेच राहिले.

मी म्हटले, दापोली. तिथे कृषी विद्यापीठ आहे, चार गोष्टी पाहता येतील, आंब्याचे काही नवीन कळेल.

चुलीजवळून उत्तर आले, "आंबे बघूक दापोलीक कित्याक जावचा? ते दारात आसत. लगीन झाल्यापासून आंबेच बघतंय मी."

सातवीतल्या मुलाला पाचगणी हवी होती. त्याच्या वर्गातला एक मुलगा टेबललँडवर घोड्यावर बसून आला होता. बारावीतली मुलगी काहीच बोलली नाही.

दोन्ही गावे डोंगरावरची, दोन्ही शिक्षणासाठी नावाजलेली, दोन्हीकडे जायला आपल्याला साधारण एक दिवस मोडावा लागतो. असा पेच अनेक घरांत पडत असेल. म्हणून आम्ही घरात बसून दोन्ही गावांची जी तुलना केली, ती इथे मांडतो. ज्याला ज्याची गरज, त्याने ते उचलावे.

दोन्ही गावे साहेबांनी वसवलेली

पेशवाईचा शेवट १८१८ मध्ये झाला. त्यानंतर इंग्रजांनी दापोलीला लष्कराची छावणी घातली. अजूनही लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात ते त्यामुळेच. गाव समुद्रापासून जवळ, पण सुमारे आठशे फूट उंचीवर. त्यामुळे किनाऱ्याचा घाम नाही आणि घाटमाथ्याचे धुकेही फार नाही. गोऱ्या सैनिकांना ही हवा मानवली. पेन्शनीत गेलेले देशी शिपाईही इथे स्थायिक होऊ लागले. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ कुटुंबासह दापोलीतच राहिले होते.

पाचगणीची गोष्ट थोडी पुढची. १८६० च्या सुमारास जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने हे ठिकाण नावारूपाला आणले. महाबळेश्वर तेथून अठरा-एकोणीस किलोमीटरवर, पण तिथे पाऊस इतका की चार महिने दार उघडता येत नाही. पाचगणी घाटमाथ्याच्या पूर्वेला सरकलेली असल्यामुळे ढग महाबळेश्वरावर रिकामे होतात आणि इकडे पाऊस पुष्कळ कमी होतो. बारा महिने राहता येईल असे गाव साहेबांना हवे होते, ते इथे मिळाले. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मध्ये हे ठिकाण वसले. उंची बेचाळीसशे फुटांच्या आसपास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज जी उंच सिल्व्हर ओकची झाडे दिसतात, ती लावण्याची सुरुवातही चेसनने केली.

अशा कोरड्या, थंड हवेत क्षयाच्या रोग्यांना आराम पडतो अशी त्या काळी समजूत होती. म्हणून १९१२ मध्ये पाचगणीजवळ बेल-एअर हे रुग्णालय सुरू झाले. जी हवा रोग्याला चांगली, ती मुलांनाही चांगली, या विचाराने शाळाही वाढत गेल्या.

पाचगणीची बाजू

पाचगणीच्या पहिल्या शाळा गोऱ्यांच्या मुलांसाठी होत्या. मुले विलायतेला पाठवण्यापेक्षा इथेच डोंगरावर ठेवावीत, हा हिशेब. पुढे पारशी मंडळींनी १९०८ मध्ये बिलिमोरिया शाळा काढली आणि १९२२ मध्ये संजीवन विद्यालय सुरू झाले. आज गावात निवासी शाळा इतक्या आहेत की सायंकाळी गणवेशातल्या मुलांच्या रांगाच रस्त्याने जाताना दिसतात. कुठल्या कुठल्या मुलखातून मुले इथे येतात! आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावरून फारोख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला होता. पुढे विलायतेत तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला.

पण एक गोष्ट मनाशी ठेवावी. या शाळा बाहेरूनच पाहायच्या. मुले तिथे राहतात, तेव्हा फाटकातून कोणालाही आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शुल्क लाखांच्या घरात. आपल्यासारख्याचे मूल तिथे शिकेल असे सहसा घडत नाही. म्हणजे पाचगणीचे शिक्षण हे आपण पाहून यायचे शिक्षण झाले.

मग पाचगणीत आपल्यासारख्याने पाहायचे काय? पहिले टेबललँड. गावाच्या डोक्यावर पसरलेले मोठे सपाट पठार. त्यावर उभे राहिल्यावर आपल्या देवगडच्या माणसाला हसू येईल, कारण तो आहे जांभा दगड. पायाखाली आपलाच सडा, फक्त चार हजार फूट वर उचलून ठेवलेला! आपण कातळात सुरुंग लावून, माती भरून कलमे लावली. तिथे घोडे फिरतात.

दुसरी गोष्ट स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळाले, म्हणजे या बाबतीत ते आपल्या पुढे. तिथला शेतकरी पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून रोपे लावतो, ठिबकने पाणी देतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडा करतो. फळ नाजूक, दोन दिवसांत जाणारे. म्हणून जे लांब पाठवता येत नाही ते तो रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विकतो, आणि जे विकत नाही ते जॅम आणि सरबताच्या कारखान्याकडे जाते. गिऱ्हाइकाला शेतात बोलावून, स्वतःच्या हाताने फळ तोडायला लावून वर त्याच्याकडून पैसे घेणारे शेतकरीही तिथे आहेत. दलालाच्या पट्टीकडे डोळे लावून बसणाऱ्या आंबेवाल्याने हे एकदा पाहावे. आंबा असा विकता येईलच असे नाही, पण विकण्याचे किती प्रकार असू शकतात ते कळते.

तिसरी गोष्ट भिलार. पाचगणीपासून अगदी जवळचे, स्ट्रॉबेरी पिकवणारे खेडे. ४ मे २०१७ रोजी हे 'पुस्तकांचं गाव' म्हणून जाहीर झाले. गावकऱ्यांच्या घरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तकांची कपाटे ठेवलेली आहेत. कुठे कथा-कादंबऱ्या, कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास. कुणीही जावे, बसावे, वाचावे. पैसे पडत नाहीत. पाचगणीच्या कोणत्याही शाळेत आपल्याला आत जाता येत नाही. भिलारच्या शेतकऱ्याच्या पडवीत मात्र येते. मला विचाराल तर त्या डोंगरावरची आपल्यासाठी उघडी असलेली शाळा ही.

वाटेत वाई लागते. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती तर सगळेच पाहतात. पण मराठी विश्वकोशाचे काम लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावात बसून उभे केले, हेही मुलांना सांगावे.

दापोलीची बाजू

दापोलीला कृषी महाविद्यालय १९६५ मध्ये निघाले आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २००१ पासून त्याचे नाव डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ असे आहे. आपल्या घरात या विद्यापीठाने केलेली वस्तू नाही असे होणार नाही. देठासकट आंबा काढायचा आपला नूतन झेला तिथला. साका न होणारा रत्ना आंबा विद्यापीठाने १९८१ मध्ये दिला, पातळ कोयीचा सिंधू १९९२ मध्ये. वेंगुर्ला जातीचे काजू, कोकण अमृता कोकम, परसात फिरणारी कोकण कन्याळ शेळी, या सगळ्यांच्या मागे याच विद्यापीठाची माणसे आहेत. एक वर्ष आड फळणारा हापूस दरवर्षी फळावा म्हणून झाडाच्या बुंध्याशी जे औषध आपण पावसाळ्यात देतो, त्याची शिफारसही तिथलीच.

हे सगळे मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यावर सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला. "ह्या इचारूक रामेश्वराक गेलास तर नाय चलूचा?"

खरी गोष्ट! आंब्याचे संशोधन उपकेंद्र आपल्याच तालुक्यात गिर्ये-रामेश्वरला आहे. फळ संशोधनाचे मोठे केंद्र वेंगुर्ल्याला आहे. फुलकिडीने मोहर का जळला, जुनी कलमे छाटून पुन्हा कशी उभी करावीत, हे विचारायला दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येईल अशी ठिकाणे जिल्ह्यात असताना चौघांचे तिकीट काढून दापोलीला कशाला? मला उत्तर देता आले नाही. दापोलीचा हट्ट हा माझा स्वतःचा होता आणि त्यावर मी घराच्या सहलीचा अंगरखा चढवला होता.

दापोलीच्या इतर प्रेक्षणीय स्थळांचेही तेच. मुंबईचा माणूस कर्दे-मुरुडचा किनारा पाहायला धावतो, हर्णैचा मासळीचा लिलाव पाहतो, सुवर्णदुर्गाचे फोटो काढतो. आपल्याला समुद्र घराच्या गडग्यावरून दिसतो, मासळीचा लिलाव देवगड बंदरात रोजचा आणि किल्ले म्हणाल तर देवगड आणि विजयदुर्ग दोन्ही आपलेच. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि आसूदच्या पोफळीच्या बागांतले केशवराजाचे देऊळ ही ठिकाणे मात्र देखणी आहेत, ती जरूर पाहावीत. पण निव्वळ हवापालट हवा असेल तर कोकणातून कोकणातच जाण्यात मजा नाही, हे मान्य करायला हवे.

मग दापोलीच्या बाजूने उरले काय? उरले ते त्या मातीत शिकलेल्या माणसांचे.

दापोलीच्या मिशन हायस्कुलात पांडुरंग वामन काणे शिकले. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहून १९६३ मध्ये भारतरत्न झाले. पालगडचे साने गुरुजी याच दापोलीत शाळेला होते. आणि मुरुडचे धोंडो केशव कर्वे. शाळेच्या वयात एका सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून डोंगर ओलांडून साताऱ्याला पायी गेले. एवढी पायपीट करून पोचल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी 'मुलगा वयाने लहान दिसतो' म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. तो मुलगा तसाच परत फिरला. पुढे त्यानेच १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, १९५८ मध्ये भारतरत्न झाला आणि १०४ वर्षांचे आयुष्य जगला.

पाचगणीच्या शाळांत लांबून मुले आणून शिकवली. दापोलीत तिथलीच, आपल्यासारख्या घरांतली मुले शिकली. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

वाट, वेळ आणि खर्च

दापोलीला जाताना देवगड-जामसंड्याहून नांदगाव तिठ्यावर यावे आणि महामार्गाने राजापूर, लांजा, संगमेश्वर, चिपळूण करीत खेड गाठावे. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर. रेल्वेने जायचे तर कणकवलीला बसून खेडला उतरावे आणि पुढे एसटी धरावी. म्हाताऱ्या माणसांना हाच प्रवास सोपा.

पाचगणीला जाताना फोंडा घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूर, तिथून महामार्गाने कऱ्हाड, सातारा, मग पाचवडहून वाई आणि पसरणीचा घाट. वाटेत अंबाबाईचे दर्शन होते, ही जमेची बाजू. एसटीने गेल्यास महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, म्हणजे बायकामुली जास्त असतील त्या घराला प्रवास स्वस्त पडतो. मुक्कामाचा खर्च मात्र पाचगणीत जास्त. दिवाळीच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी तर तिथे गर्दी फार आणि खोलीचे दर चढलेले. आठवड्याच्या मधल्या वारी जावे.

दापोलीलाही मधल्याच वारी जावे, पण वेगळ्या कारणासाठी. सुट्टीत विद्यापीठाची कार्यालये बंद असतात आणि विद्यार्थी घरी गेलेले असतात. रिकाम्या इमारती पाहून काय मिळणार? दिवाळीची सुट्टी संपून वर्ग सुरू झाल्याची खात्री करावी आणि आधी पत्राने किंवा फोनने कळवून जावे. आपल्या तालुका कृषी कार्यालयातही विचारावे. शेतकऱ्यांच्या अभ्यास सहली ते नेतात, कधी कधी त्यात जागा मिळते.

दोन्ही गावे एका फेरीत करता येतात. दापोलीहून खेड, पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, पुढे पाचगणी. पण पावसाळ्यात हा विचार मनातही आणू नये. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या याच विद्यापीठाचे कर्मचारी महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. त्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि तीस माणसे गेली. एकाच आवारात रोज भेटणारी माणसे, एकाच सकाळी. दापोलीत आजही त्या दिवसाची आठवण निघते. डोंगरातली वाट ही दिवसाउजेडी, कोरड्या दिवसांत आणि घाई न करता चालायची, एवढे त्यातून घ्यावे.

आणखी एक. नोव्हेंबरात पाचगणीला स्ट्रॉबेरीची रोपे दिसतात, फळ मात्र तुरळक. भरभरून फळ पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारी, आणि तेव्हा आपण मोहराच्या मागे. म्हणजे पाचगणीचा हंगाम आणि आपला हंगाम यांचे जमत नाही. दापोलीचे तसे नाही.

सहल कोणाची?

एवढे सगळे बोलून झाले तरी निर्णय होईना. तेव्हा घरातून एक गोष्ट निघाली, ती मला सगळ्या तुलनेपेक्षा मोलाची वाटते. बायको म्हणाली, "गाव मागसून ठरवा. आदी ठरवा, ही सहल कोणाची?"

आपण कर्ती माणसे गाव ठरवतो तेव्हा स्वतःच्या मनाचे गाव ठरवतो आणि घरच्यांना बरोबर नेतो. शेतकऱ्याची सहल तर हटकून शेतीकडेच वळते. दुसऱ्याच्या बागेत शिरून अर्धा दिवस खताची चौकशी चालते, आणि बायकामुले उन्हात रस्त्यावर उभी असतात. घरच्या बाईला वर्षातले तीन दिवस पाणी न भरता, भाकऱ्या न थापता मिळतात. ते तिचे आहेत की नाहीत? बारावीच्या मुलीचे आयुष्य पुढच्या सहा महिन्यांत एका वळणावर यायचे आहे. तिचा या सहलीवर हक्क किती?

मुलीला विचारले. बराच वेळ ती बोलेना. मग आत जाऊन तिने एक वही आणली. कृषी पदवीच्या प्रवेशाची माहिती तिने त्यात उतरून काढली होती. कुठल्या महाविद्यालयात किती जागा, सीईटीत काय येते, वसतिगृह कसे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत कृषिकन्या म्हणून विद्यापीठाच्या मुली राहायला आल्या होत्या. शेवटच्या वर्षाला त्यांना असे खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. त्यांनी बीजप्रक्रिया करून दाखवली, तेव्हा आम्ही पुरुष मंडळी मागे उभे राहून हसलो होतो. ही मात्र त्यांच्या मागे महिनाभर फिरत होती. मला वाटले होते खेळतेय.

"मग आदी कित्याक नाय सांगलंस?" मी विचारले.

"तुमी म्हणतलास, शेती करूक शिकूचा कशाक लागता."

असे मी म्हटलेही होते. केव्हा, ते आठवत नाही. तिला आठवत होते.

आमचा निर्णय

त्या रात्री दापोली ठरली. मी मागितली होती तीच, पण माझ्यासाठी नव्हे. आईने अट घातली, की तीन दिवसांत विद्यापीठात एकच दिवस जाईल, तो मुलीचा. प्रश्न तीच विचारील. वडील मागे उभे राहतील. एक दिवस आसूद आणि आंजर्ले, तो आईचा, त्या दिवशी कोणी आंब्याचे नाव काढायचे नाही. मुलाला पाचगणीचा शब्द दिला आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, म्हणजे मोडता येणार नाही.

दिर्बादेवीला नारळ ठेवून निघालो. विद्यापीठात मी खरेच मागे राहिलो. हे सोपे नव्हते. एका ठिकाणी कलमांची रांग पाहून माझे तोंड उघडले होते, पण मागून कोपर लागले. मुलीने चौथ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठले आणि त्या तिघी झाडाखाली तासभर बसल्या. सकाळी लवकर शेतावर जावे लागते, हाताला घट्टे पडतात, गणित आणि रसायनशास्त्र सुटत नाही, मुली आता पुष्कळ असतात, हे सगळे तिला त्यांच्याच तोंडून कळले. माझ्या सांगण्याने कळले नसते. उद्यानविद्येचे महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात कुडाळजवळ मुळद्याला आहे, तेही पाहून घे, असे त्यांनीच सुचवले. परत आल्यावर एका दिवसात ते पाहून झाले.

ती शेतीच शिकेल असे नाही. गुण काय पडतात ते पाहायचे. पण आता ती काय मागते आहे हे तिला ठाऊक आहे आणि आम्हालाही.

तेव्हा वाचकहो, आमचा हिशेब असा आहे. घरात शेतीचे शिक्षण घेण्याच्या वयाचे मूल असेल, तर आधी दापोली. मुले लहान असतील, किंवा घरातल्या बाईला खरोखर बदल आणि विसावा हवा असेल, तर पाचगणी, आणि त्यात भिलारसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. फक्त बागेचाच प्रश्न असेल तर दोन्हीकडे नको. रामेश्वर किंवा वेंगुर्ल्याला जा आणि उरलेले पैसे घरच्यांच्या सहलीला ठेवा.

आणि गावाचे नाव काढण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. जो बोलत नाही, त्याला दोनदा विचारा.

मोहराचे बोंगे आता फुगू लागतील. आमच्या कॅलेंडरवर पाचगणी लिहिलेली आहे. मुलगा रोज शाळेत जाताना त्याकडे बघून जातो.